वाढ अगदी बरोबर

नवीन मशीन आल्यापासून सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंचं काम झटपट उरकायचं. पाळीची तारीख विचारायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. बाळाचं डोकं आणि मांडीचं हाड मोजून किती आठवडे झाले ते मशीनच ठरवायचं, आणि तेवढ्या आठवड्यांच्या मानाने वाढ बरोबर आहे का, हेही तेच सांगायचं. आपलंच गणित, आपणच तपासायचं!

"बावीस आठवडे. वाढ अगदी बरोबर," पडद्यावरच्या हिरव्या खुणेकडे बोट दाखवत बाई टेबलावरच्या गरोदर मुलीला म्हणाल्या. "उगाच जीवाला घोर लावून घेऊ नका. बाहेर जाताना पुढच्या पेशंटला आत पाठवा."

पोटावरचा जेल घाईघाईने पुसून ती बाहेर आली. सासूबाई बाकावरून अर्ध्या उठल्याच होत्या.

"सगळं छान आहे, आई. बावीस आठवडे झाले, आणि वाढ अगदी बरोबर आहे."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. सुनेच्या पाठीवरून हात फिरवत त्या दारापर्यंत आल्या, चपला पायात सरकवल्या, आणि तिथेच थबकल्या.

 

"अगं, पण मागच्या महिन्यातही बावीसच सांगितले होते ना?"