एक होकार कमी

शालनने साखळी ओढताच डब्यातल्या प्रत्येक फोनवर प्रश्न उमटला: गाडी थांबवायची का? निम्म्याहून जास्त होकार आले, तरच ब्रेक लागणार होता.

“माझे सासरे, अण्णा, खाली राहिलेत हो! त्यांना घरचा पत्तासुद्धा आठवत नाही,” शालन ओरडली.

“मग उतरू कशाला दिलंत?”

“ताई, पुढं माझी गाडी चुकेल.”

“आधी किती वेळ थांबणार ते सांगा!”

फलाट मागे सरकू लागला. अण्णा डब्याबरोबर धापा टाकत चालत होते. फोनवर होकारांचा आकडा वाढत गेला; आता एकच होकार हवा होता.

समोर तिचा नवरा हाताची घडी घालून बसला होता. “दर स्टेशनावर उतरतात. एकदा अद्दल घडू दे.”

“अहो, वडील कुणाचे?” शालनने त्याचा अंगठा धरून फोनवर दाबला.

ब्रेक लागला. अण्णांना वर ओढून घेताना नवरा त्यांच्यावर खेकसत होता, पण जागेवर बसवल्यावरही त्याने त्यांचा हात सोडला नाही.