सांध्यातली खळखळ

नव्या शेजारणीच्या दारावर आजही शून्य पाहून रेणुकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चंद्रावरच्या या वसाहतीत नवरा-बायकोच्या अंगच्या उबेने तापलेलं पाणी दोन नळ्यांतून येऊन स्वयंपाकघराच्या भिंतीत एक होई, आणि त्या सांध्यात दोन प्रवाह एकमेकांवर आदळून किती ऊर्जा वाया गेली ते दारावर झळके. रेणुकाच्या दारावर अठरा टक्के होते.

"बघा, याला म्हणतात संसार!" ती नवऱ्यावर डाफरली आणि विरजण मागायच्या निमित्ताने शेजारी गेली.

"भावजी दिसत नाहीत?"

"ते पृथ्वीवरच राहिले," चारुशीला म्हणाली. "एकाच नळीला पाणी आहे, वाया काय जाणार?" तिने वाटीत विरजण घातलं. "तुमच्या सांध्याची खळखळ इकडे ऐकू येते हो. मी भिंतीला कान लावून बसते."