दार लावून केलेली पूजा

जर्मनचा निकाल लागला, गुरुपादप्पा विद्यापीठात पहिला आला. पण त्याला पेढा काही गिळवेना.

वर्षभर तो घरात खोटं वागला होता. वडील ईश्वरप्पांचं लातूरच्या गंजात, धान्याच्या बाजारात, आडत दुकान. कॉलेजातून आलं की पोरानं वजनकाट्यावर बसावं, एवढंच त्यांचं म्हणणं. जर्मनीत जाऊन तूर विकायचीय का, असं त्यांनी एकदाच विचारलं, आणि विषय मिटला. पण हातावर इष्टलिंग घेऊन बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हा लिंगायत घरचा नेम तेही मोडत नसत. मग काय! गुरुपादप्पा रोज अंघोळ करून देवघराचं दार लावायचा आणि पाटाखालचं जर्मनचं पुस्तक काढायचा. गावात शिकवणारं कुणी नव्हतं. आपला आपणच पुटपुटत बसायचा, आणि बाहेर वडील आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे, पोरगं जप करायलंय.

त्याच्या लिंगाची चांदीची डबी गळ्यातच असायची. ती उघडायची त्याला लाज वाटे. श्रावणात आई सिद्धम्मानं नवा दोरा ओवायला ती मागून नेली, तेव्हा आतलं बिनभस्माचं लिंग तिला दिसेल म्हणून तो दारातच घुटमळत राहिला होता.

त्यात दुष्काळ. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नळ मात्र कोरडेच. टँकरच्या पाण्यातला आपला वाटा सिद्धम्मा त्याच्या अंघोळीला द्यायची आणि स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून पूजेला बसायची. अलीकडं तिची पूजाही फार लांबली होती. बिचारी आपल्यासाठी काय काय मागत असेल, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता ती सिद्धेश्वराला नारळ फोडायला निघाली, तेव्हा त्याला राहवेना.

"अव्वा, नको जाऊ. म्या एक दिवसबी पूजा केली न्हाई. आत बसून जर्मन शिकत होतो. तुझं समदं पाणी फुकट घालवलं."

सिद्धम्मानं आधी दाराकडं पाहिलं. ईश्वरप्पा दुकानात गेले होते.

"डबी उघड," ती म्हणाली.

त्यानं मान खाली घालून डबी उघडली. आत चिंचोका होता.

सिद्धम्मानं नारळ खाली ठेवला, आपल्या गळ्यातली लिंगाची पुरचुंडी काढली आणि त्याच्यापुढं सोडली. आत दोन लिंगं होती, आणि दोन्हींवर त्या सकाळचं ताजं भस्म होतं.