साइड द्या

"हात लावू नकोस, आई. प्रोसेसर जळेल."

आईचं बोट कीबोर्डवरच थांबलं. समोर कॉम्प्युटरचा पडदा काळा होता आणि त्यावर नुसते आकडे. त्यातला एक आकडा वाढवला, की आतला प्रोसेसर कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळणार होता. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात, हे तिला शर्यतीतल्या मंडळींनी शिकवलं होतं. जपून केलं तर जमतं, नाही जमलं तर पेटी कायमची गप्प, हेही त्यांनीच सांगितलं होतं.

शर्यत म्हणजे मोटारींची, पण पडद्यावरची. टेबलाला स्टिअरिंग आवळलेलं, पायाखाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि समोर देशोदेशीचे गडी. तिथे तिने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'साइड द्या'. अख्खा जन्म बस चालवण्यात गेलेला, बाईला दुसरं काय सुचणार? पण कॉम्प्युटर म्हातारा. वळण आलं की चित्र अडखळायचं, आणि ते पुन्हा हलेपर्यंत बाईसाहेब कठड्यापलीकडे. आज रविवार, दुपारची शर्यत निवडीची होती. मागे पडेल तो वर्षभर घरी.

"घरी तर घरी," मुलगा म्हणाला. तो विमा कंपनीत होता; सरळ रस्त्यावरही त्याला आधी अपघात दिसायचा. "खेळच आहे ना शेवटी? चालव की जरा हळू."

"हळू जायला शर्यत कशाला हवी? पिशवी घेऊन भाजीला जाते की."

"जळला तर मी दुसरा आणणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

तो खरंच आणणार नाही, हे तिला ठाऊक होतं. गाडीची किल्ली त्याने अशीच काढून घेतली होती. गुडघा दुखतो, वय झालं, आणि फाटकाला गाडी जराशी घासली, एवढं निमित्त. किल्ली त्याच्या खिशात गेली आणि तिच्या हातात टीव्हीचा रिमोट आला. मुलगा किती काळजी घेतो म्हणून नातेवाइकांनी माना डोलावल्या. काळजीच होती ती, कोण नाही म्हणतंय? पण तिचा जीव गुदमरायचा. आता या टेबलापाशी काय ती गाडी उरली होती, आणि हीही जळाली तर संपलंच सगळं. भीती तिलाही वाटत होतीच. खोटं कशाला सांगा?

मुलाने आवाज मऊ केला. "अगं, आहे तसा ठेवलास तर अजून चार-पाच वर्षं आरामात टिकेल."

"टिकून काय करेल?"

तेवढ्यात सून बाहेरच्या खोलीतला टेबलफॅन उचलून घेऊन आली. कॉम्प्युटरच्या पेटीचं एका बाजूचं झाकण तिने काढलं आणि फॅनचं तोंड तिकडे वळवलं.

"तूसुद्धा?" मुलगा कळवळला.

"वारा लागल्याने काही बिघडत नाही," ती म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

आईने आकडा वाढवला आणि एंटर दाबलं. पडदा विझला तो विझलाच. नुसता फॅन फिरत राहिला.

"झालं समाधान?" मुलगा म्हणाला.

तिला रडू कोसळायच्या बेतात होतं, पण याच्यासमोर? छे! तिने बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. किती तरी वेळाने आकड्यांचं ते काळं पान उगवलं. जास्त हाव केली मेली, असं पुटपुटत तिने आकडा एक पायरी खाली आणला आणि पुन्हा एंटर दाबलं. या वेळी कॉम्प्युटर चालू झाला आणि चालूच राहिला. ती स्टिअरिंगपुढे सरसावून बसली.

शर्यत सुटली. पेटीतला पंखा घोंगावायला लागला. पहिलं वळण आलं आणि चित्र कुठेही न अडता लोण्यासारखं सरकलं. "हात्तिच्या! एवढंच होतं होय?" आई ओरडली आणि तिने एकाला मागे टाकलं. मग दुसऱ्याला. मुलाचं शर्यतीकडे लक्षच नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसर किती तापलाय ते दिसत होतं, त्याची नजर तिथेच चिकटली होती.

"आई, आकडा लाल झाला बघ. आता पुरे. मी बंद करतो." त्याचा हात बटणाकडे गेला.

"हात मागे घे!" रस्त्यावरची नजर न काढता ती गरजली. भरलेल्या बसला गप्प करणारा तो आवाज या घरात कित्येक दिवसांत कोणी ऐकला नव्हता. "चालू गाडीत मध्येमध्ये करायचं नाही. यायचं असेल तर मागे बस. नाहीतर उतर."

तो मागे सरकला आणि पलंगावर टेकला. उतारावरचं मोठं वळण समोर आलं. आईने ब्रेकला पाय लावलाच नाही, आणि मुलाने पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.