जाळं

पंचावन्न सालची गोष्ट. धुळ्यातल्या व्हॉलीबॉलच्या अंतिम सामन्यात तोताराम भोईचा एकही फटका जाळीला शिवत नव्हता. तापीच्या वाळूत खेळून तयार झालेला हा गडी इतका उंच उडतो कसा, याचंच सगळ्यांना नवल. शेवटचा चेंडू मात्र जाळीला घासून पलीकडे पडला. सामना जिंकला! लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावले, तर हा जाळीपाशी उभा राहून ती बोटांनी चाचपत होता.

"काय शोधतोस रे?" पंचांनी विचारलं.

"फाटनी ते नई ना, ते देखस," तोताराम ओशाळून म्हणाला. "गावमा आम्ही मासा धरानं जाळं बांधीसन खेळतस. चेंडू लागीसन ते फाटनं, का माय दुसरा दिन खेळू देस नई."