मंगळ हलला

मंगळ हलला होता. सीतालक्ष्मीच्या पत्रिकेत तो जन्मापासून सातव्या घरात ठाण मांडून बसलेला. आज छापलेल्या कागदावर मात्र तो अकराव्यात होता, लाभस्थानी, अगदी सभ्य गृहस्थासारखा.

जयतीर्थरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पोरीची पत्रिका त्यांना तोंडपाठ. ह्याच मेल्या मंगळापायी तंजावरपासून कोइंबतूरपर्यंतच्या स्थळांनी नकार कळवले होते. आज नव्या स्थळाकडच्या व्यंकोबारावांना द्यायला म्हणून नवी प्रत काढली, तर हा प्रकार! आणि दुकानाची पाटी तरी काय होती? 'कंप्युटर जादगम. इथे यंत्र पत्रिका काढते. यंत्र चुकत नाही.'

"अप्पा, हे वेगानं जाहलंय," सीता म्हणाली.

आता हा वेग कसला, ते सांगायलाच हवं. जयतीर्थराव म्हणजे कपाळाला गोपीचंदन, खांद्यावर उपरणं, हसले तर गिऱ्हाईक बिचकावं असे गंभीर. पण दुपारचं जेवण झालं की दुकानाच्या फळ्या लावून हा माणूस त्याच कंप्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळायचा! गाडी वळणावर अडखळायची आणि मागची लाल गाडी खुशाल पुढे जायची. हे त्यांच्या इतकं जिव्हारी लागे की रात्री रसमही गोड लागत नसे. शेवटी त्यांनी सीतेची विनवणी केली. सीता कॉलेजात कंप्युटर शिकवायची. तिनं कंप्युटरचा डबा उघडला, आतली वेग ठरवणारी इवलीशी टोपी एका खुंटीवरून काढून शेजारच्या खुंटीवर बसवली. झालं. आतला प्रोसेसर आणि चित्रांचं कार्ड, दोन्ही कंपनीनं नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळू लागले. तिनं बजावलंही होतं. एकच पायरी वर, झाकण उघडं, समोर टेबलफॅन, तापलं की थांबायचं. "आणि अप्पा, खेळ अडकला नाही म्हणजे यंत्र बरोबर चाललंय, असं समजू नका." अप्पांनी एवढं शेवटचं सोडून बाकी सगळं पाळलं.

गाडी भन्नाट सुटली. तिच्यामागोमाग धंदाही सुटला. चारला फळ्या काढायच्या आधीच माणसं पायरीवर येऊन बसत. नाचियारकोविलच्या बसमधून कुंभकोणात उतरून थेट इथे. सकाळी मात्र दुकानात चिटपाखरू नसे. दुपारनंतरचा काळ शुभ असतो, जयतीर्थराव बायकोला समजावून सांगत, आणि लोकांना गुणाची पारख असते. छापलेले कागद ते वाचतसुद्धा नसत. यंत्र चुकत नाही, तर वाचायचं कशाला?

सीतेनं टोपी जुन्या खुंटीवर बसवली. यंत्र निवू दिलं. पत्रिका पुन्हा काढली. मंगळ मुकाट्यानं सातव्यात येऊन बसला.

"अय्यो, कशाला परत आणलंस त्याला!" सीतेची आई सुंदरीबाई आतल्या दारातून कळवळल्या. "अहो, व्यंकोबाराव येतीलच आत्ता. तो पहिला कागद द्या. मंगळ आपल्या पायानं जात होता, तुम्ही कां अडवता?"

जयतीर्थरावांनी लेकीकडे पाहिलं. शामसुंदर पाहायला आला होता तेव्हा इतरांसारखं 'गाता येतं का' असं त्यानं विचारलं नव्हतं. कॉलेजात काय शिकवता, हे विचारलं आणि उत्तर नीट ऐकून घेतलं. त्या दिवशी सीता आयुष्यात पहिल्यांदा स्थळाविषयी आपणहून बोलली होती. हे मोडलं तर पुन्हा ती कुणासमोर बसणार नाही, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

सीतेचे डोळे भरून आले. "मज तो हवा आहे, अम्मा. म्हणूनच खोटा कागद नको."

जयतीर्थरावांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. इतक्या महिन्यांत आपण किती घरांत असले कागद दिले? किती मांडव उभे राहिले त्यांच्या भरवशावर? त्यांनी पहिला कागद टराटरा फाडला. सुंदरीबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत निघून गेल्या.

चारला फळ्या काढल्या, तर पायरीवरच्या माणसांतून वाट काढत व्यंकोबाराव आले. तिरुक्करुगावूरचे बडे असामी, शामसुंदरचे वडील. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, आणि त्यांच्या भुवया चढल्या.

"राव, लपवत नाही," जयतीर्थराव म्हणाले. "मोटारीचा खेळ खेळायला म्हणून मी यंत्राचा वेग वाढवला. वेगात ते तापतं, आणि तापलं की मंगळ हलतो. हा थंड यंत्राचा खरा कागद. मंगळ सातव्यातच आहे. माझ्या पोरीचा ह्यात काही दोष नाही, चूक माझी. पुढे तुमची इच्छा."

व्यंकोबारावांनी कागद टेबलावर ठेवला. खुर्ची पुढे ओढली. दाराकडे एकदा पाहून आवाज खाली आणला.

"शामसुंदर म्हणतो, करीन तर हिलाच. मंगळ त्याला ठाऊक आहे, मजलाही. मज पोरगी पसंत. अडलंय ते आमच्या म्हाताऱ्या आईपाशी. तिला स्वच्छ कागद पाहिजे. म्हणून तर मुद्दाम चारला आलो."

"चारला?" जयतीर्थरावांना काही कळेना.

"अहो, सातव्यातला मंगळ आमच्या गावचा जोशीही दाखवतो! त्यासाठी कोण बसचे धक्के खाईल? अख्ख्या कुंभकोणाला ठाऊक आहे, दुपारी आत मोटारीची घरघर जितकी जास्त, तितका मंगळ लांब." त्यांनी पायरीवर ताटकळणाऱ्या माणसांकडे बोट दाखवलं. "आज घरघर लवकरच थांबली, म्हणून बिचारे काळजीत आहेत. बसा राव, पळवा गाडी. आम्ही थांबतो."