खिडकी लावून सांगितलेलं प्रवचन

इथामारने खिडकी ओढून घेतली, स्टूल बायकोच्या उजव्या कानाशी सरकवलं आणि घसा खाकरला.

“हं, करा सुरू,” मेहेतबेल म्हणाली. “आज काय म्हणाले पाद्रीबाबा?”

गावची रीतच होती ती. रविवारी सभाघरात ऐकलेलं प्रवचन संध्याकाळी घरधन्याने चुलीपाशी बसून पुन्हा सांगायचं. मागे एका तापात मेहेतबेलचे कान गेले, तेव्हापासून इथामारला ते ओरडून सांगावं लागे. पिंपं ठोकण्यात जन्म गेलेला माणूस, त्याचा आवाज काय विचारता!

“म्हणाले,” इथामार ओरडला, “बाप्तिस्म्याआधी गेलेली लेकरं देव स्वतः कडेवर घेतो! एकालाही मागे ठेवत नाही!”

“भलं होवो त्यांचं,” ती म्हणाली आणि घेवड्याच्या हंड्यात डाव फिरवू लागली.

पाद्रीबाबा असलं काही बोलले नव्हते. कुणाला तारायचं नि कुणाला जाळायचं हे देवाने जग घडवण्याआधीच ठरवलंय, पाळण्यातल्या जिवालाही त्यात सूट नाही, असं ते गरजले होते. इथामारचा एकुलता एक लेक बाप्तिस्मा व्हायच्या आतच गेला होता. हे त्याच्या आईच्या कानावर घालायचं? इथामारची जीभ रेटेना. तिला ऐकू येत नाही, हीच देवाची दया, असं तो मानत आला होता.

मेहेतबेलने फळीवरून तीन वाडगी काढून मांडली. तोच दार ढकलून पाद्री क्रॅनफर्ड आत आले.

“इथामार! पार रस्त्यावर ऐकू येतंय. हे मी कधी म्हणालो रे?”

इथामार पांढराफटक पडला. त्याने बायकोकडे पाहिलं. ती पाठमोरी, आपली हंड्यात गुंतलेली.

“तिच्यासाठी बोललो हो, पाद्रीबाबा.”

“माझ्या नावावर खोटं? आणि तेही प्रभूच्या दिवशी? देवाच्या निवाड्यात तोंड घालणारा तू कोण?”

“मला सभेत उभं करा, खोड्यात अडकवा, काय वाटेल ते करा. पण आपलं बाळ नरकात आहे, हे तिला सांगू नका. मरेल ती.”

मेहेतबेलच्या हातून डाव निसटला. “म्हातारे हात मेले!” ती हसून म्हणाली. इथामारने डाव उचलून तिच्या हातात दिला.

पाद्रीबाबांचा आवाज थोडा उतरला. “सत्य लपवणं म्हणजे दया नव्हे, बाबा. तू बाहेर जा. मी सांगतो तिला.”

इथामारने बाहीला डोळे पुसले आणि तो अंगणात गेला. दार लागलं. पाद्रीबाबा तिच्या पाठीमागे टोपी चुरगाळत नुसतेच उभे राहिले.

“देवा, कुठल्या तोंडाने सांगू हिला?” ते स्वतःशीच पुटपुटले.

“सांगू नका,” मेहेतबेल न वळताच म्हणाली. “ताप उतरला, तेव्हाच माझे कान मोकळे झाले. तुमचं एकूण एक प्रवचन ऐकलंय मी. पण दर रविवारी हे माझ्या कानात ओरडतात ना, तेव्हा कुठे रात्री त्यांचा डोळा लागतो. मला ऐकू येतं हे कळलं, पाद्रीबाबा, तर ते सांगणार कुणाला?”